अस्सलबरहुकूम मिरची

कागद माणसापेक्षा जास्त टिकतो. म्हणून कागद सांभाळायला मोठमोठ्या संस्था असतात आणि माणसं सांभाळायला फक्त नातेवाईक असतात. ही व्यवस्था पूर्ण विचारांती केलेली आहे. कागद वेळेवर जेवायला मागत नाही, पहाटे खोकत नाही आणि पाहुण्यांसमोर आपलं म्हणणं खोडून काढत नाही. अभिलेखागाराबद्दल मला पहिल्यापासून आदर आहे. पुढचा सगळा मजकूर त्याच आदरापोटी लिहिला आहे.

माझी बायको युद्धवार्ताहर होती. मी लिफ्ट दुरुस्त करायचो. ती गोळीबार चालू असलेल्या गावांत जायची आणि मी दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या लोकांना बाहेर काढायचो. दोघांमध्ये शिव्या मीच जास्त खाल्ल्या. इतक्या आघाड्यांवरून ती धडधाकट परत आली आणि मागच्या थंडीत साध्या न्यूमोनियाने गेली. (बातमी म्हणून तिने ही आतल्या पानावर टाकली असती.)

तिला दोन वेडं होती, एक बातमीचं आणि दुसरं मिरचीचं. त्यातलं मोठं कोणतं, याचा निकाल आमच्या संसारात लागला नाही. लोकांच्या बायका परदेशातून अत्तराच्या बाटल्या आणतात. आमच्या हिच्या मोज्यांतून मिरचीचं बी निघायचं. ते खिडकीतल्या कुंड्यांत पडायचं आणि एकमेकांशी लढणाऱ्या दोन देशांच्या मिरच्या आमच्याकडे शेजारी शेजारी फुलायच्या. वरच्या मजल्यावरच्या मांजराने त्या भागात एकदाच घुसखोरी केली. पुन्हा ते त्या बाजूच्या जिन्यानेही उतरलं नाही.

मिरच्या वाळल्या की ती त्या तव्यावर भाजायची, मीठ घालून कुटायची आणि बरणीत भरायची. अशीच एक बरणी दौऱ्यावर तिच्याबरोबर जायची. छावणीतलं डबाबंद जेवण बेचव असतं. ही आपली बरणी पुढे करायची. मोठमोठे अधिकारी बोटभर मिरची घ्यायचे आणि पाण्यासाठी तोंड उघडायचे. एकदा उघडलेलं तोंड लगेच मिटत नाही, हे तिने धंद्यात पडल्यावर पहिल्याच वर्षी ओळखलं होतं. (पत्रकारितेच्या अभ्यासक्रमात हा भाग अजून आलेला नाही.) कचेरीत तिला तिखटबाई म्हणत. समोर म्हणायची हिंमत फक्त आमच्या मुलीची होती.

ती गेल्यावर अभिलेखागाराचं पत्र आलं. त्यांना तिचे कागद हवे होते. मला आनंद झाला. दानपत्र आलं, त्यावर मी सही केली. त्यातलं तिसरं कलम असं होतं: 'उक्त लेखिकेच्या कामाच्या खोलीतील कपाटातली समग्र सामग्री, कोणतीही निवड वा फेरमांडणी न करता, संस्थेच्या स्वाधीन करण्यात येत आहे.' कलम उत्तम आहे. नातेवाईक कागद निवडायला बसले की इतिहासात फक्त लग्नाचे फोटो उरतात.

अडचण एवढीच, की तिची कामाची खोली म्हणजे आमचं स्वयंपाकघर होतं. घरात न डुगडुगणारं एकच टेबल होतं आणि ते तिथे होतं. टेबलामागच्या कपाटात तिचे सगळे कागद होते आणि कागदांना टेकू म्हणून मिरचीच्या बरण्या होत्या. खरं तर बरण्यांना टेकू म्हणून कागद होते. पण दानपत्र झालं असल्यामुळे आता तसं म्हणता येत नाही.

संस्थेची माणसं सामग्री न्यायला आली, तेव्हा मी शेजाऱ्यांकडे किल्ली ठेवून बँकेत हयातीचा दाखला द्यायला गेलो होतो. परत आलो तेव्हा कपाट धुतल्यासारखं स्वच्छ होतं. कागदांची चाळीस खोकी गेली होती आणि एक्केचाळिसावं खोकं इतर सामग्रीचं. त्यात कुकरची शिट्टी होती. तिची नोंद त्यांनी 'इशारा देण्याचे उपकरण, बहुधा लष्करी' अशी केली. (शिट्टी अजून तिथेच आहे. मी नवी घेतली.) तीन रिकाम्या बरण्या होत्या. आणि चौथी बरणी होती.

चौथीत तिने शेवटची कुटलेली मिरची होती. आजारी पडायच्या आदल्या आठवड्यातली. वरची तीन बोटं आम्ही दोघांनी मिळून संपवली होती. उरलेली मी जपून खात होतो. उकडलेल्या अंड्यावर चिमूटभर, त्याहून जास्त नाही. त्या संध्याकाळी मी अंडं सोललं, न बघता मागे हात नेला आणि हात भिंतीला लागला.

मुलीचा फोन आला.

"बाबा, जेवलात?"

"अंडं सोललंय."

"मग खा ना."

"बरणी नेली गं त्यांनी."

"कुणी?"

"इतिहासाने."

मुलगी म्हणाली, "बाबा, कोपऱ्यावरच्या दुकानात तिखट मिळतं. पाकीट आणा एक. उगाच रुसून बसू नका."

मी पाकीट आणलं. लाल होतं. त्याच्याबद्दल एवढंच चांगलं सांगता येईल.

दुसऱ्या दिवशी मी अभिलेखागारात गेलो. इमारत प्रशस्त आहे. लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर हिसका देते, पण तो माझा विषय नाही. संचालक अतिशय सभ्य गृहस्थ. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि नकार दिला.

"परत? काका, आमच्याकडे वस्तू आत येते."

"आणि बाहेर कशी जाते?"

"ते कलम अजून लिहायचं आहे."

"पण ती मिरची आहे हो. खायची."

हे मी बोलायला नको होतं. कारण अभिलेखागारात खाद्यपदार्थ आणायला सक्त मनाई आहे. तशी पाटी प्रत्येक दारावर आहे. एका बाजूला 'कोणतीही वस्तू बाहेर जाणार नाही' हा नियम, दुसऱ्या बाजूला 'कोणताही खाद्यपदार्थ आत येणार नाही' हा नियम, आणि दोन्ही नियमांच्या बरोबर मध्ये माझी बरणी. असं अडकणं मला ओळखीचं आहे. आमच्या धंद्यात अशा वेळी वरून हाताने चाक फिरवतात. त्यांनी समिती नेमली.

समितीचा निर्णय मला तोंडपाठ आहे. 'मिरची ही जोपर्यंत खाल्ली जात नाही, तोपर्यंत खाद्यपदार्थ मानता येणार नाही.' या एका वाक्यात दोन्ही नियम वाचले. आमच्या मुलीने तर लगेच विचारलं की हेच तत्त्व बिलं न भरण्याला लावता येईल का.

मग बरणीची रीतसर नोंद झाली. सूची करणाऱ्या बाई कुठल्याही वस्तूला चिमट्याशिवाय हात लावत नाहीत, म्हणून तिथले सगळे त्यांना चिमटाताई म्हणतात. नोंद त्यांनीच केली. 'स्वरूप: सुटे. रंग: लाल. हस्ताक्षर: नाही, परंतु हस्तनिर्मित. प्रती: एकमेव. स्थिती: अपूर्ण (वरचा भाग उपलब्ध नाही).' वरचा भाग कुठे आहे ते मला माहीत होतं. पण तो परत मागतील या भीतीने मी बोललो नाही.

बरणीला थंड खोलीत जागा मिळाली. शेजारच्या फळीवर एका माजी मंत्र्यांची भाषणं होती. आठवड्याभरात ती भाषणं वाचणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी येऊ लागलं. असं त्या भाषणांच्या बाबतीत पूर्वी कधीच घडलं नव्हतं. मंत्र्यांच्या घरच्यांनी संस्थेला आभाराचं पत्र पाठवलं.

बरणी पाहायची तर वाचक व्हावं लागतं, म्हणून मी वाचक झालो. ओळखपत्रावर 'संशोधनाचा हेतू' अशी जागा होती. तिथे मी 'जेवण' लिहिलं. संचालकांनी ते हळुवारपणे खोडून 'तुलनात्मक अभ्यास' असं केलं. मला टेबल, दिवा, हातमोजे आणि पेन्सिल मिळाली. चिमटाताईंनी बरणी मऊ उशीवर आणून ठेवली. आमच्या घरी ती कपाटात, पकडीशेजारी असायची.

"झाकण उघडायचं नाही," त्या म्हणाल्या.

"मग वाचू कसं?"

"बाहेरून."

मी तासभर बरणी बाहेरून वाचली. काचेला तिच्या अंगठ्याचा लाल ठसा होता. तो माझ्याकडून पुसला जाऊ नये म्हणून मी हात मांडीवर ठेवून बसलो.

निघताना चिमटाताई हलक्या आवाजात म्हणाल्या, "काका, मूळ प्रत मिळत नाही हो. नकलेचा अर्ज करा ना. नक्कल घरी नेता येते."

मी अर्ज केला. नक्कल आली. तो बरणीचा रंगीत फोटो होता, मागे शिक्का आणि सही. मी हरकत नोंदवली: 'चव नाही.' संस्थेने हरकत अत्यंत गांभीर्याने घेतली. इतक्या वर्षांत वाचकाने नकलेत चूक दाखवल्याचं हे पहिलंच उदाहरण होतं. आतापर्यंत कुणी नक्कल मुळाशी ताडून पाहिलीच नव्हती.

नियम असा आहे, की नक्कल अस्सलबरहुकूम आहे असं प्रमाणित करताना ती मूळ प्रतीशी ताडून पाहावी, दोन अधिकारी हजर असावेत आणि लेखकाचा हात ओळखणारा एक माहीतगार असावा. नियमात 'ताडून पाहावी' एवढंच आहे, 'डोळ्यांनी' असं नाही. नियम करणारा मोठा दूरदृष्टीचा माणूस असणार. संस्थेच्या प्रयोगशाळेने बाजारातून मिरच्या आणून नक्कल क्रमांक एक तयार केली आणि माहीतगार म्हणून मला बोलावलं.

गुरुवारी दुपारी, थंड खोलीच्या शेजारच्या खोलीत, मी, संचालक आणि चिमटाताई असे तिघे बसलो. घरून मी उकडलेली अंडी नेली होती. पाटीमुळे त्यांची नोंद 'पडताळणीचे माध्यम' अशी झाली. चिमटाताईंनी चिमट्याने मूळ प्रतीतून प्रत्येकी एक चिमूट काढली. त्या चिमट्याचं खरं काम काय, ते त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

संचालकांनी घास घेतला. त्यांचे कान लाल झाले. कपाळावर घाम आला. तोंड उघडलं आणि उघडंच राहिलं.

"मला संचालक व्हायचं नव्हतं," ते म्हणाले.

"मग काय व्हायचं होतं, साहेब?" चिमटाताईंनी विचारलं.

"पोहण्याचा शिक्षक. आमच्या वडिलांनी... पाणी द्या आधी. वडिलांनी जबरदस्तीने इथे चिकटवलं. आणि तो वार्षिक अहवाल आहे ना, त्यातले आकडे मी घरी बसून मनाने... पाणी!"

नक्कल क्रमांक एक खाऊन मात्र कोणी काही बोललं नाही. मी अभिप्राय दिला: 'अस्सलबरहुकूम नाही.'

हे मी खरं तेच सांगितलं. नंतर माझ्यावर संशय घेतला गेला, म्हणून लिहून ठेवतो. दुसरी नक्कल जास्त तिखट होती. तिसरीत मीठ मोजून घातलेलं कळत होतं. चौथीच्या वेळी प्रयोगशाळेने विचारलं, नेमकं कमी काय आहे? मी म्हटलं, जळकी चव. ती मिरची भाजायला घ्यायची आणि मला आघाडीवरचं सांगायला लागायची. सांगता सांगता तव्याकडे पाठ व्हायची. मग धूर निघायचा, आम्ही दोघं खोकत खिडकीकडे पळायचो आणि तिथेही ती सांगतच असायची.

प्रयोगशाळेने पाचवी नक्कल जाळली. मंजूर भट्टीत, मंजूर तापमानावर, सगळीकडून सारखी. मी चाखली आणि म्हटलं, "ही मुद्दाम जाळलेली आहे. तिची विसरून जळलेली असायची." प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी ते टिपून घेतलं आणि खाली लिहिलं, 'विसरण्यासाठी कर्मचारी उपलब्ध करून द्यावा.' सहाव्या नकलेला लेखा विभागातला एक गृहस्थ देण्यात आला. निवड योग्य होती, पण तो मिरच्या आणायलाच विसरला.

दरम्यान गुरुवारची उपस्थिती वाढत गेली. दोन अधिकाऱ्यांची हजेरी 'किमान' असल्याचं कुणाच्या तरी लक्षात आलं. मग नकाशे विभाग आला, नाणी विभाग आला, ज्यांना इमारतीत कोणी पाहिलं नव्हतं असे उपसंचालक आले. सगळे आपापलं अंडं घेऊन यायचे. चिमूट घेतली की खरं बोलायचे. नाणी विभागाने एक नाणं आपणच घासून जुनं केल्याचं कबूल केलं. उपसंचालक म्हणाले की आपली नेमणूक दुसऱ्याच खात्यात झाली होती आणि चुकून या दारातून आत आलो. संस्थेच्या कारभारात एवढी पारदर्शकता पूर्वी कधी नव्हती. मीही खूष होतो. घरी भूक लागत नव्हती, पण गुरुवारी दोन अंडी जात.

फक्त बरणी खाली जात होती.

नववी नक्कल झाली तेव्हा मूळ प्रत तळाला पोचली होती. एकाच बैठकीपुरती. चिमटाताई मला सोडायला लिफ्टपर्यंत आल्या.

"काका, नववी वाईट नाही."

"वाईट नाही."

"पुढच्या गुरुवारी न चाखताच सही केलीत तर उरलेली वाचेल. सीलबंद होईल. मग कुणीच हात लावणार नाही."

"मीसुद्धा?"

"तुम्हीसुद्धा."

"मग कुणासाठी वाचेल?"

"पुढच्या पिढ्यांसाठी."

"त्या अंडी खातील का?"

चिमटाताईंनी प्रामाणिकपणे विचार केला. "सांगता येत नाही," त्या म्हणाल्या.

आठवडाभर मला झोप नीट लागली नाही. सही केली तर तिच्या हातची मिरची जगात कायम राहणार, पण मी मरेपर्यंत तिच्या बाहेर. खाल्ली तर आत, पण मग संपली. दोन मजल्यांच्या मध्ये मी आयुष्यात पुष्कळ माणसं पाहिली होती. आतून कसं वाटतं ते मात्र मी कधी विचारलं नव्हतं.

शेवटी मुलीला फोन केला. ती म्हणाली, "मी येते. तुम्ही फक्त अंडी जास्त उकडा."

गुरुवारी ती आली. वाचक नसल्यामुळे तिची नोंद 'लेखिकेची अन्य कृती' अशी करून तिला आत घेतलं. खोली भरली होती. संचालकांनी प्रमाणपत्र माझ्यापुढे ठेवलं आणि पेन दिलं. चिमटाताईंनी चिमटा उचलला नाही. त्या माझ्याकडे बघत होत्या. मी बरणीकडे बघत होतो. तेवढ्यात आमच्या मुलीने सरळ झाकण उघडलं, बोट आत घातलं, तळ पुसला आणि चाटलं. हातमोजे न घालता.

उपसंचालक किंचाळले.

मुलीचे डोळे भरले. नाक वाहायला लागलं. ती खोकली, हसली, परत खोकली.

"आईने ही पण जाळलीच होती की!"

"मग? ती बोलत होती."

"कधी नव्हती बोलत? बाबा, या लवकर. माझ्याच्याने सगळी संपेल."

मी बोट घातलं. मग आम्ही दोघांनी, खोलीभर अधिकारी उभे असताना, ती बरणी आतून स्वच्छ केली. अंडी तशीच राहिली. तोंडाची आग झाली, कानांत घंटा वाजली, आम्ही दोघं खोकत खिडकीकडे पळालो आणि तिथे उभं राहून वेड्यासारखे हसत सुटलो. मागून संचालक विचारत होते, "काका, अभिप्राय? अभिप्राय काय लिहू?"

अधिकृत नोंद अशी आहे: 'मूळ प्रत पडताळणीत खर्ची पडली. नक्कल क्रमांक नऊ अस्सलबरहुकूम नसल्याचे निर्विवाद सिद्ध झाले. बरणी (रिकामी) जतन करण्यात आली आहे.'

संस्थेला याचा फायदाच झाला. बरणी आता तळमजल्यावर काचेच्या पेटीत आहे. पेटीला नाकाच्या उंचीवर एक भोक आहे. लोक रांगेने येऊन वास घेतात आणि शिंकतात. या वर्षीचा वार्षिक अहवाल संचालकांनी प्रथमच खऱ्या आकड्यांनी भरला. त्यातले दोन आकडे देतो. मिरचीबाबत चौकशी करणारे अभ्यागत: एक हजार एकशे चार. खोकी क्रमांक एक ते चाळीस उघडण्यासाठी आलेले अर्ज: एक. (तो गृहस्थ स्वच्छतागृह शोधत होता.)

त्या चाळीस खोक्यांत कोणाची गावं गेली, कोणी कोणाला कशासाठी मारलं आणि मरताना लोक तिला काय सांगून गेले, ते सगळं तारीखवार लिहिलेलं आहे. तव्यावर मिरची जळत असताना ती मला सांगायची ते हेच. मूळ कागद लगेच मिळतात. नक्कल लागत नाही, समिती बसत नाही, रांग तर नाहीच.

तुम्ही इथपर्यंत आलात. मिरची कशी भाजायची, अंडं कशाला लागतं, बरणीचं पुढे काय झालं, हे तुम्हाला आता माझ्याइतकंच माहीत आहे. खोक्यांत काय आहे, असं मध्येच थांबून तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. काही हरकत नाही. पुढच्या वर्षीच्या अहवालात तुम्हालाही मिरचीच्याच रकान्यात धरायला मी चिमटाताईंना सांगून ठेवलं आहे.